बुधवारच्या कॅसेटी : रेडिओवरून भरलेल्या टेप संगणकावर घेताना

१० मार्च २०२४, इंदूर

काम असं आहे. १९७८ ते १९८५ या काळात ताईने आणि मी भरलेल्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या. चाळीसच्या आसपास आहेत. बहुतेक सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांच्या), काही सी-९०, दोन-तीन सी-१२०. निम्म्याहून जास्त रेडिओवरून भरलेल्या: बुधवारी रात्री आठची सिलोनची बिनाका गीतमाला, विविध भारतीचं छायागीत, आणि आपल्या मालवा हाउसमधल्या आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरचे फर्माइशी कार्यक्रम. उरलेल्या दुकानातून यादी देऊन भरवून घेतलेल्या.

गेल्या महिन्यात, २० फेब्रुवारीला गीतमालेचे निवेदक अमीन सायानी गेले. त्या रात्री बडोद्याहून ताईचा फोन आला. खोका अजून आहे का, एवढंच तिने विचारलं. आहे, माळ्यावर आहे. पण टेप आणखी किती वर्षं तग धरतील याची खात्री नाही, म्हणून आता हातात घेतलं. असाच खोका आणखी कुणाकडे असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

आज फक्त खोका उतरवला आणि पुसला. एकही कॅसेट वाजवलेली नाही, आणि वाजवूही नये. इतकी वर्षं पडून असलेली टेप आतल्या आत चिकटलेली असू शकते. प्ले दाबलं की ताण येऊन ती तुटू शकते. आधी पेन्सिलीने दोन-चार वेढे मोकळे करायचे.

१७ मार्च

ऑनलाइन मागवलेला यूएसबीचा छोटा कॅसेट प्लेअर आला. किंमत १,९०० रुपये. संगणकाला थेट जोडता येतो म्हणून सोपा वाटला होता. वाया घालवता येईल अशी एक कॅसेट लावून बघितली. स्वर थरथरत होता. सतारीचा लांब सूर ऐकला की लगेच कळतं, सूर एका जागी ठरतच नाही. अशा प्लेअरमध्ये फ्लायव्हील (चाल स्थिर ठेवणारं जड चाक) जवळजवळ नसतंच, त्यामुळे टेपची चाल एकसारखी राहत नाही आणि हा दोष नंतर संगणकावर सहज निघत नाही. परत पाठवला. पैसे मिळाले, आठवडा गेला.

ज्यांना फक्त बोलणं उतरवायचं आहे त्यांचं अशा प्लेअरवर भागेल. गाण्यासाठी नको.

२४ मार्च

ओळखीतून एक जुना स्टिरिओ डेक (कॅसेट वाजवायचं मोठं यंत्र) ४,५०० रुपयांना मिळाला. मोटर फिरते, टेप फिरत नाही. उघडला तर आतला बेल्ट वितळून डांबर झालेला. ते काळं बोटांना लागलं की साबणानेही निघत नाही. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुली आणि फ्लायव्हील पुसत बसले, दुपार गेली. हे पुसणं अर्धवट सोडू नका. खाचेत थोडं जरी राहिलं तरी नवा बेल्ट तिथे अडखळतो आणि थरथर परत येते.

बेल्टसाठी महाराणी रोडवर गेले. जुना बेल्ट मापाला उरलेलाच नव्हता, म्हणून पुलींवरून दोरा फिरवून लांबी काढली आणि तो दोरा घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, बेल्ट थोड़ा छोटा ही लेना, रबर है, खिंचेगा।" बरोबर होतं त्याचं. दोऱ्याच्या लांबीहून थोडा आखूडच लागतो. दोन मापांचे घेतले, १६० रुपये. आखूड तो बसला.

३० मार्च

रंगपंचमी. गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघालेली, राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्यामुळे दिवसभर घरीच कॅसेटी तपासल्या.

कॅसेटच्या मधोमध, हेडच्या (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) समोर, पितळी पट्टीवर फेल्टची एक चौकोनी गादी असते. ती टेपला हेडवर दाबून धरते. आमच्या बऱ्याच कॅसेटींमध्ये तिचा डिंक वाळून गादी पडलेली निघाली. अशी कॅसेट वाजते, पण आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो आणि मध्येच डावा किंवा उजवा आवाज गायब होतो. टेप खराब झाली असं समजून लोक ती फेकतात. फेकू नका. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटची गादी पट्टीसकट बसवायची. स्क्रू नसलेल्या, चिकटवलेल्या कॅसेटी कडेने पातळ सुरीने हळूहळू उकलाव्या लागतात. त्यांचं खोकं बहुतेक फुटतंच, म्हणून आतली दोन्ही चाकं टेपसकट उचलून स्क्रूच्या खोक्यात ठेवायची. रद्दीवाल्याकडून भजनांच्या स्क्रूवाल्या कॅसेटी यासाठीच आणून ठेवल्या होत्या.

तुटलेली टेप साध्या सेलोटेपने जोडू नये. तिचा डिंक कडेने पाझरतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवरही येतो. टेप जोडायची खास पट्टी मिळते, ४५० रुपयांचं रीळ. एका रिळात सगळ्या गल्लीच्या टेप जोडून होतील.

सी-१२० बाजूला ठेवल्या. सी-६० ची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-१२० ची ९. टेप पुढे सरकवणाऱ्या रबरी रोलरमध्ये सगळ्यात आधी तीच गुंडाळली जाते. त्या शेवटी घेईन.

७ एप्रिल

डेक चालू झाला, पण आवाज मंद. तार सप्तकातली लताबाईंची धार बोथट. हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी बारीक दांडी), रबरी रोलर सगळं पुसलं, थोडाच फरक पडला. शेवटी एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला घरी बोलावलं, ६०० रुपये. त्याने हेडच्या बाजूचा छोटा स्प्रिंगवाला स्क्रू जरासा फिरवला आणि झांजेचा आवाज एकदम मोकळा झाला.

कारण असं की हेडची फट टेपच्या दिशेला काटकोनात लागते. पण ज्या यंत्रावर टेप भरली त्याचं हेड तिरकं असेल तर रेकॉर्डिंगही तिरकंच झालेलं असतं, आणि वाजवताना आपलं हेड तेवढंच तिरकं करावं लागतं. म्हणजे 'योग्य' जागा कुठली, ते त्या त्या टेपवर ठरतं. आमच्या घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) भरलेल्या कॅसेटींना एक जागा, दुकानात भरलेल्यांना वेगळी. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकायचं आणि सगळ्यात उजळ आवाज येतो तिथे थांबायचं. दर कॅसेटला हे करते आहे. दोन मिनिटं लागतात, पण मला वाटतं सगळ्या कामात याच दोन मिनिटांनी सर्वांत जास्त फरक पडतो. गोंगाट काढायचे सगळे उपाय यानंतर.

१४ एप्रिल

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालून घेतलेलं रेकॉर्डिंग निरुपयोगी ठरलं. ते भोक मोनो असतं आणि स्वतःचीच खरखर मिसळतं. २,८०० रुपयांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी डबी) घेतला. डेकच्या लाइन आउटची (आवाज बाहेर देणाऱ्या भोकाची) वायर त्यात, तो लॅपटॉपला, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. ते फुकट आहे आणि पुरेसं आहे.

तरी एक गुंजारव येत होता. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. आता लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनच काम करते. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. टेप मोनो असली तरी डावा-उजवा दोन्ही आवाज घ्यावेत, एक बहुतेक दुसऱ्यापेक्षा स्वच्छ निघतो, नंतर तोच ठेवता येतो. एका सी-६० ला साधारण १ जीबी जागा लागते.

२१ एप्रिल

पहिली गीतमाला उतरवली. बिगुल वाजला, "बहनों और भाइयों" आलं, आणि मी थांबवलं. आवाज त्यांचा होता पण चढा होता, घाईत असल्यासारखा. गाणं आलं तेव्हा पेटी काढून सूर धरून बघितला. मूळ रेकॉर्डपेक्षा पाऊण सेमिटोनने (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) वर.

डेकची चाल बरोबर आहे, विकत मिळालेल्या छापील कॅसेटवर तपासली. म्हणजे आमचा टू-इन-वन भरतानाच हळू चालत होता. त्याच यंत्रावर परत वाजवलं की सगळं ठीक वाटायचं, म्हणून तेव्हा कधी कळलं नाही. तासाभराचा कार्यक्रम सी-६० मध्ये जवळजवळ पुरा कसा मावायचा याचं उत्तरही यातच आहे. टेप हळू सरकत होती, प्रत्येक बाजूला मिनिटभर जास्तीचं मिळत होतं.

चाल दुरुस्त करायची तर नेमकी किती, हा प्रश्न.

२८ एप्रिल

विजेच्या गुंजारवावरून मोजायचा प्रयत्न केला. रेकॉर्डिंगमध्ये तेव्हाच्या वीजपुरवठ्याचा गुंजारव शिरलेला असतो आणि तो ५० हर्ट्झचा असायला हवा. आलेखात तो ५१ च्या आसपास दिसला, एका टेपवर ५२, आणि एकाच बाजूवर खालीवरही होत होता. त्या काळात विजेची वारंवारताच ५० वर टिकत नसे, पुरवठा कमी पडला की खाली घसरायची. आणि लाइट गेली की आम्ही सेलवर भरायचो, तिथे गुंजारवच नाही. ही पट्टी भरवशाची नाही, सोडून दिली.

मग इंदूर केंद्राच्या एका कॅसेटमध्ये शेवटी बातम्यांच्या आधीचे वेळेचे ठोके सापडले. टूक, टूक, टूक, दर सेकंदाला एक. ऑडॅसिटीत पहिल्यापासून सहाव्यापर्यंत निवडलं. पाच सेकंद यायला हवे होते, ४.८ आले. चाल ४ टक्क्यांनी कमी केली की सुराशी सूर जुळतो. याच टू-इन-वनवर, घरच्या विजेवर भरलेल्या सगळ्या कॅसेटींना हाच आकडा चालला. ३० मिनिटांची बाजू दुरुस्त झाल्यावर ३१ मिनिटं १५ सेकंदांची होते.

ज्यांच्याकडे रेडिओच्या कॅसेटी आहेत त्यांनी हे ठोके आधी शोधावेत. गाण्याच्या सुरावरूनही काढता येतं, पण त्यासाठी कान आणि पेटी दोन्ही लागतात.

५ मे

सेलवर भरलेल्या कॅसेटींचं वेगळंच दुखणं आहे. सेल उतरत जातात तशी भरण्याची चाल मंदावते, त्यामुळे आता वाजवताना बाजूच्या सुरुवातीला सूर ठीक आणि शेवटाकडे चढत चढत जातो. एकच आकडा लावून भागत नाही. ऑडॅसिटीतला टाइम ट्रॅक (त्यात जागोजागी चाल बदलता येते) वापरून दर गाण्याशी एक बिंदू ठेवला आणि मूळ रेकॉर्डच्या सुराशी जुळवला. एका बाजूला संध्याकाळ जाते.

१९ मे

ताईची वही बडोद्याहून आली. शंभर पानी, बुधवारवार. पायदान (गाण्याचा गीतमालेतला क्रमांक), गाणं, चित्रपट, आणि समासात वर गेलं की खाली आलं याचा बाण. मला ती आठवत होती, पण ती तिने लग्नानंतर बरोबर नेली हे माहीत नव्हतं.

कॅसेटींवर तारखा नाहीत. आमच्यासाठी कॅसेट महाग होती. साध्या बुधवारच्या कार्यक्रमावर पुढचा बुधवार भरला जायचा, फक्त वर्षाखेरचा वार्षिक कार्यक्रम राखून ठेवलेला, त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या पाकळ्या तोडलेल्या. बाकीच्या कॅसेटींवर कुठला बुधवार शिल्लक राहिला ते वहीतल्या क्रमावरून लागतं. सलग तीन पायदानं जुळली की तारीख पक्की धरते.

आणि बाजूच्या शेवटी, जिथे नवा कार्यक्रम आधी संपला, तिथे खालचा जुना बुधवार उघडा पडतो. अर्धं वाक्य, मग एखाद्या गाण्याचा शेवटचा अंतरा. हे तुकडेही वहीवरून ओळखता आले. मी ते कापलेले नाहीत.

२ जून

गोंगाट काढायचं बघितलं. सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं. आवाज भरतीसारखा वर यायचा आणि ओसरायचा, आणि त्याबरोबर मागची सूंऽऽ पण बदलायची. सॉफ्टवेअरला रिकाम्या जागेतला गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो. पण इथला गोंगाट मिनिटागणिक वेगळा, त्यामुळे नमुना पुढच्याच गाण्याला लागू पडत नाही. जोर वाढवला तर निवेदनातले 'स' आणि 'श' खाल्ले जातात. पावसाळ्यातल्या विजांची कडकड काढायला क्लिक काढणारं साधन लावलं, त्याने तबल्याच्या चाटीही काढल्या.

मी फक्त ६० हर्ट्झच्या खालचा गडगडाट काढते, बाकी काही नाही. मूळ उतरवलेली फाईल वेगळी ठेवते, तिला हात लावत नाही.

९ जून

भाच्याचं म्हणणं फोनवर ऐकलं. "मावशी, एकेक गाणं वेगळं काप ना. आणि खरं तर ही सगळी गाणी स्वच्छ आवाजात मोबाइलवर मिळतात. मग एवढं कशासाठी?"

गाणी मिळतात हे खरंच आहे, आणि रेकॉर्डही सुरक्षित आहेत. आपल्या इथे शहराबाहेर पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तिथे जुन्या तबकड्या जपलेल्या आहेत. गाण्यांची मला काळजी नाही.

पण मला जी गाणी पाठ आहेत ती पुरी नाहीत. वेळ कमी म्हणून गीतमालेत वरची गाणीसुद्धा कित्येकदा एका अंतऱ्यावर आवरती घेतली जायची, आणि साडेआठला कॅसेट उलटायची तेवढ्यात एका गाण्याचा मुखडा जायचा. ते गाणं मी अजूनही मुखड्याशिवाय गुणगुणते. सातव्या पायदानानंतर सहावं येणार, ते कुठलं असेल यावर ताई आणि मी पैज लावायचो, आणि दोन पायदानांमध्ये तेवढा वेळ असायचा, कारण मध्ये टूथपेस्टची जाहिरात असायची आणि सायानी कुणाच्या तरी पत्रातून चार ओळी वाचायचे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज समुद्रावरून आमच्या गच्चीवरच्या एरियलपर्यंत यायचा. गाणं कापून वेगळं केलं की हे सगळं कापलेल्या कडांवर पडून राहतं, आणि हातात उरतं ते भाचा म्हणतो तेच, मोबाइलवर जास्त स्वच्छ मिळणारं गाणं.

म्हणून नियम ठरवला: एक बाजू, एक फाईल. आत गाण्यांच्या जागी खुणा, आणि वहीतल्या नोंदी सोबत मजकुराच्या फाईलमध्ये. कुणाला एकच गाणं ऐकायचं असेल त्याने खुणेवर जावं, पण आलं-गेलं तिथल्या तिथे राहील.

भाच्याने मग स्वतः बसून खुणा घालायची पद्धत शिकवली आणि आठ बाजूंच्या खुणा पुण्याहूनच घालून दिल्या.

१४ जुलै

पाऊस. खोक्याच्या तळाच्या काही कॅसेटींना बुरशी आहे. खिडकीतून बघितलं की वेढ्यांच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट डेकमध्ये घालायचीच नाही, भुकटी हेडवरून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवल्या. कोरड्या दिवसांत, मास्क लावून, मऊ कापडातून फिरवून पुसायच्या. पावसाळ्यात हे काम करण्यात अर्थ नाही.

१८ ऑगस्ट

दुकानात भरवून घेतलेल्या कॅसेटी. या उतरवायच्याच नाहीत असं मी ठरवलं होतं, कारण गाणी थेट तबकडीवरून भरलेली, निवेदन नाही, गोंगाट नाही, यादी लिहून ठेवली की झालं. ताईला पटलं नाही. ती म्हणाली, "अगं, शेवटी तो आपल्या मनाने भरायचा ते विसरलीस का?"

लावून बघितलं. यादी संपून चार-पाच मिनिटं टेप उरली की दुकानदार रिकामी सोडायचा नाही, आपल्या आवडीचं एखादं भरून द्यायचा. आमच्या फिल्मी याद्यांच्या शेवटी त्याने कुठे गझल भरली आहे, कुठे ठुमरी, एका ठिकाणी मराठी भावगीत, आम्ही मराठी म्हणून. त्या वयात गझल आम्ही आपण होऊन कधी मागितली नसती. माझी गझलेची आवड तिथून आली हे आता क्रमाने ऐकताना लख्ख दिसतं. सगळ्या उतरवल्या.

या कॅसेटींची चाल बरोबर आहे, फक्त हेडचा स्क्रू नव्याने लावावा लागला.

२८ सप्टेंबर

आज लताबाईंचा जन्मदिवस. १९२९ साली त्या इथेच, इंदूरला सिख मोहल्ल्यात जन्मल्या. सकाळी रेडिओवर त्यांचीच गाणी लावली, मग कामाला लागले.

सी-१२० घेतल्या. रोलर पुन्हा पुसला, जलद पुढे-मागे एकदाही केलं नाही, पेन्सिलीनेच गुंडाळल्या. दोन नीट उतरल्या. तिसरी मध्यावर गुंडाळली, टेप चुरगळली, तेवढा तुकडा इस्त्रीविना बोटाने सपाट केला. त्या जागी आवाज सेकंदभर बुडतो.

खर्च एकत्र लिहिते: डेक ४,५००, बेल्ट १६०, मेकॅनिक ६००, अल्कोहोल ३५०, जोडपट्टी ४५०, इंटरफेस २,८००, दोन हार्ड डिस्क ६,०००. एकूण १४,८६० रुपये. वेळेचं म्हणाल तर टेप जेवढी तेवढा वेळ बसावंच लागतं, वेग वाढवून घेता येत नाही, आणि चाल-खुणा-वही यांना त्याच्या दुप्पट.

एक डिस्क माझ्याकडे, एक ताईकडे बडोद्याला. हे सगळं इंटरनेटवर टाकणार नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो आणि यातली बहुतेक गाणी त्या मुदतीत आहेत. घरच्यांना ऐकायला आहे.

बुरशीच्या कॅसेटी नोव्हेंबरात घेईन. डेक तोवर रिकामा आहे. लोकमान्य नगर किंवा आसपास कुणाकडे रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी असतील तर रविवारी सकाळी घेऊन या. गादी पडली असेल, टेप तुटली असेल तरी चालेल. फक्त बुरशी असेल तर आधी सांगा, आणि वही असेल तर तीही आणा.